मोजून बघ

आमच्या घरात गेल्या वर्षी पाण्यावरून भांडण झालं. तसं भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. दोन वाक्यं झाली आणि दहा महिने दोन मजल्यांमधला जिना अबोल झाला. ती दोन वाक्यं आधी सांगते, मग पुढचं.

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुनं. सासऱ्यांच्या मागे वरचा मजला आमचा आणि खालचा थोरल्या दिरांचा, अशी वाटणी झाली. भाऊजी आता नाहीत. खाली अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांचा मुलगा, सून आणि नातू, अशी चार माणसं. वर आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला. स्वयंपाकघरं वेगळी झाली, देवघरं वेगळी झाली, पण गच्चीवरची हजार लिटरची टाकी एकच राहिली. खालच्या हौदातून पंपानं पाणी चढवायचं, तिथून दोन नळ्या उतरतात, एक आम्हाला, एक खाली. पंपाची वीज आणि उन्हाळ्यातले टँकर यांचा खर्च अर्धा अर्धा, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नियम.

राकसकोप आणि हिडकल ही दोन धरणं बेळगावला पाणी पाजतात. पण मे महिन्यात आमच्या गल्लीत टँकर येणं हे काही नवीन नाही. गेल्या मेमध्ये एका दुपारी टाकी कोरडी पडली. मी जिन्यात उभी राहून म्हणाले, "अक्का, तुमच्याकडं पाणी नुसतं वाहतंय. दोघांनी आणि चौघांनी सारखे पैसे कशाला द्यायचे?"

अक्का पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मोजून बघ की."

झालं. त्या महिन्यापासून माणसांच्या हिशेबानं खर्चाचे दोन वाटे खाली आणि एक वाटा वर, असं ठरलं. अक्कांच्या मुलानं एका शब्दानं वाद घातला नाही. पण अक्का माझ्याशी कामापुरतं बोलायलाही थांबल्या. पर्युषणातली क्षमापनासुद्धा ह्या वर्षी आम्ही दोघींनी सुनेमार्फत उरकली. तोंडानं क्षमा मागायची आणि मनात हिशेब ठेवायचा, हे मला चांगलं जमलं. आणि ते 'मोजून बघ' मनात रुतून बसलं ते बसलंच.

जानेवारीत अक्कांच्या नातवाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. पोरगा नववीत. मला 'धाकटी आजी' म्हणतो. आमचा अबोला त्यानं कधीच मानला नाही. वर आला की आधी माझा डबा उघडतो. प्रदर्शनासाठी त्यानं पाणी मोजणारं यंत्र करायचं ठरवलं होतं. सामान मागवलं, ते उशिरा आलं, प्रदर्शन होऊन गेलं. खोका तसाच राहिला. एका रविवारी तो खोका घेऊन वर आला आणि म्हणाला, "आजी, आपण दोघं करूया?"

मी कला शाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास. वायर म्हणजे मला इस्त्रीची माहीत. पण खोक्यात दोन सेन्सर होते. दोन नळ्या, दोन सेन्सर. माझ्या मनात लगेच 'मोजून बघ' वाजलं. मी हो म्हणाले. का म्हणाले ते त्याला सांगितलं नाही. नातवाच्या हातून त्याच्याच आजीविरुद्ध पुरावा गोळा करायला मी बसले, हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

ती वस्तू दिसायला साधी. काळ्या प्लॅस्टिकचा मुठीत मावेल एवढा ठोकळा, दोन्ही बाजूंना अर्ध्या इंची आट्या, अंगावर बाण. पाणी बाणाच्या दिशेनंच जायला हवं. आत छोटं पंख्याचं चाक आणि त्या चाकात लोहचुंबक. पाणी आलं की चाक फिरतं. भिंतीपलीकडे, पाण्याचा थेंबही लागणार नाही अशा जागी, एक कण बसवलेला असतो. समोरून चुंबक गेलं की त्याला ते कळतं आणि तो एक ठोका पाठवतो. ह्याला हॉल परिणाम म्हणतात. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तो १८७९ साली शोधला. पाणी एकीकडे, मोजणारा दुसरीकडे, मध्ये भिंत, तरी निरोप पोचतो. आमच्या घरात मात्र भिंतीपलीकडे काहीच पोचत नव्हतं.

सेन्सरला तीन वायरी. लाल, काळी आणि पिवळी. लाल पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला आणि पिवळी निरोपाची. ज्या हिरव्यानिळ्या पाटीला त्या जोडायच्या तिचं नाव आर्डुइनो उनो, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एक छोटासा आज्ञाधारक मेंदू. पिवळी वायर कुठंही खोचून चालत नाही. ह्या पाटीवर दोन आणि तीन ह्या क्रमांकाच्या पायांनाच 'इंटरप्ट' असतो. म्हणजे काय, हे मी पोराला विचारलं. तो पुस्तकी काहीतरी सांगायला लागला, मग मीच म्हटलं, "म्हणजे दारावरची बेल. हातातलं काम टाकून उठायचं, दार उघडायचं, परत कामाला." तो म्हणाला, "अगदी तस्सं!" ठोका आला की हातातलं टाकून आकड्यात एक मिळवायचा. माझा सेन्सर दोनला, अक्कांचा तीनला.

पहिल्या दिवशी काही चाललं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पाटी एका वेगानं बोलत होती आणि लॅपटॉप दुसऱ्या वेगानं ऐकत होता; दोन्हीकडे ९६०० केलं तेव्हा अक्षरं दिसली. मग पाणी नसतानाच आकडा धावायला लागला, शंभर, तीनशे, हजार. मी घाबरले. पाहिलं तर पिवळी वायर भोकात नीट बसलीच नव्हती. लोंबकळणारी वायर हवेतलं काहीबाही पकडते आणि त्यालाच निरोप समजते. ती घट्ट खोचली, प्रोग्रॅममध्ये त्या पायाला 'पुल-अप' लावून आधार दिला आणि आकडा शून्यावर शांत बसला. मग पोरानं सेन्सर तोंडाला लावून फुंकर मारली. चाक घुर्रर्र फिरलं, आकडा चढला. आम्ही दोघं टाळ्या पिटून हसलो. त्या हसण्याचा आवाज खाली गेला असणार.

यंत्र विकणारे सांगतात की ह्या सेन्सरचे ठोके दर सेकंदाला किती पडतात ते मोजून साडेसातनं भागलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. म्हणजे एका लिटरला सुमारे ४५० ठोके. आम्ही तो आकडा तसाच घातला. प्लंबरला बोलावून टाकीच्या दोन्ही नळ्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून सेन्सर बसवून घेतले. वायरींना खाली झोळ ठेवला, म्हणजे थेंब ओघळला तर तिथूनच गळून पडेल, पाटीपर्यंत जाणार नाही. पाटी जिन्याच्या खोलीत, डब्यात, वर दोन ओळींचा छोटा पडदा. वरची ओळ 'वर', खालची ओळ 'खाली'. वीज गेली की आकडा शून्य, म्हणून ते दिवस सोडून द्यायचे. रोज रात्री मी वहीत आकडे लिहायची आणि दूधवाल्याच्या हिशेबासारखी रेघ मारायची.

पंधरा दिवसांची सरासरी काढली. वर २६२ लिटर, खाली ५४०. बेरीज ८०२. खालचा वाटा किती? बरोब्बर दोन तृतीयांश!

तुम्हाला खोटं कशाला सांगू, मैत्रिणींनो, मला काय आनंद झाला! कपाटातून चांगली साडी काढावी तशी मी ती वही काढली. आता खाली जायचं आणि पोळपाटाशेजारी वही ठेवून म्हणायचं, "घ्या अक्का, मोजून बघितलं."

पोरगा म्हणाला, "आजी, थांब. माप कुठं तपासलंय आपण? सर म्हणतात, यंत्र सांगतंय ते आधी तीनदा पडताळून बघायचं."

मला ते उगाच वाटलं. पण त्याचा तो खेळ होता, मोडवेना. सासूबाईंचं दुधाचं शिक्क्याचं लिटरचं माप अजून माझ्याकडे आहे. त्यानं दहा मापं बादलीत ओतली आणि पाण्याच्या पातळीवर रंगाची रेघ मारली. प्लंबरनं सेन्सर काढून गच्चीवरच्या नळाला लावून दिले. रेघेपर्यंत बादली भरायची आणि ठोके मोजायचे, तीन वेळा. पाणी वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक बादली झाडांना.

दहा लिटरला ४५०० ठोके पडायला हवे होते. माझ्या सेन्सरचे पडले ४१३०, अक्कांच्या सेन्सरचे ४६२०. तिन्ही वेळा थोड्याफार फरकानं तेच. म्हणजे मी दहा लिटर वापरलं की यंत्र सव्वानऊच्या आतच सांगत होतं आणि अक्कांनी दहा वापरलं की सव्वादहा. एकाच कारखान्यातली, एकाच खोक्यातली दोन भावंडं, पण मापात एक लिटरचा फरक! स्वस्तातल्या सेन्सरमध्ये शेकडा दहा इकडेतिकडे होतंच, असं मुलानं फोनवर सांगितलं. म्हणून ज्याचा त्याचा आकडा वेगळा घालायचा. माझ्या सेन्सरला लिटरमागे ४१३, त्यांच्या सेन्सरला ४६२.

नव्यानं हिशेब मांडला. वर २८५, खाली ५२६. बेरीज ८११. तरी माझंच खरं होतं. पण आता माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळायला लागला. टाकी हजार लिटरची. रोज पहाटे काठोकाठ भरते आणि दुसऱ्या पहाटे तळ दिसतो. मग ८११ कसे? उरलेले १९० लिटर कुठं जातात?

टाकी पाहिली, कुठंही ओल नाही. नळ्या पाहिल्या, कोरड्या. रात्री झोप लागेना. यजमान म्हणाले, "यंत्रच बिघडलेलं असेल, सोड."

दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालताना माझ्या हातून नळ अर्धवट बंद राहिला. पेन्सिलीच्या शिसाएवढी बारीक धार. सेन्सर अजून त्याच नळाला होता. मी सहज पडद्याकडे पाहिलं. आकडा हलत नव्हता. मी धारेखाली लिटरचं माप धरलं. पाच मिनिटांत माप भरलं. आकडा शून्य. पुन्हा भरलं, पुन्हा शून्य. सेन्सर कानाला लावला, चाकाचा आवाजच नाही. पोरानं शाळेतून आल्यावर सामानाचा कागद वाचला. मिनिटाला एक लिटर ते तीस लिटर, एवढ्याच प्रवाहासाठी हे यंत्र आहे. त्याहून बारीक धार चाकाला ढकलूच शकत नाही. ती पात्यांच्या बाजूनं गुपचूप निघून जाते. बादलीभर पाणी एकदम घेणाऱ्याचं सगळं मोजलं जातं. थेंबाथेंबानं सांडणाऱ्याचं काहीच नाही.

मग कुठं सांडतंय हे शोधायचं. मी आधी खालच्या मजल्याचाच विचार केला, हेही कबूल करते. पण खाली जायला तोंड नव्हतं, म्हणून आपल्या घरापासून सुरुवात केली. नळ सगळे कोरडे. शेवटी न्हाणीघराशेजारच्या फ्लशची टाकी. तिचं झाकण काढलं, त्यात केशरी खायचा रंग कालवला आणि अर्धा तास कुणी तिकडे जायचं नाही, असं सांगितलं. अर्ध्या तासानं पाहिलं तर खालच्या भांड्यात केशरी ओघळ. नितळ पाण्याचा तो ओघळ मी कित्येक महिने पाहत असणार, पण तो दिसत नव्हता.

किती, तेही मोजलं. टाकीला पाणी देणारा कॉक बंद केला, पातळीवर खूण केली आणि अर्ध्या तासानं खुणेपर्यंत मापानं पाणी भरलं. चार मापं. अर्ध्या तासाला चार लिटर, तासाला आठ, दिवसाला १९२.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. ८११ आणि १९२, एक हजार तीन. टाकीचा हिशेब जुळला होता.

माझं पाणी २८५ नव्हतं, ४७७ होतं. दोघांचं. माणशी २३८ लिटर. खाली चौघांत ५२६, माणशी १३१. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरावं, असा सरकारी हिशेब आहे. अक्कांचं घर त्याच्या आत होतं आणि मी जवळजवळ दुप्पट.

मला माझ्या माहेरच्या विहिरीची आठवण झाली. आई दुहेरी जाड्या कापडातून पाणी गाळायची आणि मग गाळण्याची जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची, वरून आपटायची नाही, कारण त्यातल्या जिवांना लागेल. आम्ही अप्काय मानणारी माणसं. पाणी हाच जीव. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, पाणी तुपासारखं वाढावं. मी अजून रोज गाळणं बांधते आणि मनात थोडा अभिमान असतो, की आपण पाळतो. विनाकारण पाणी सांडणं हा अनर्थदंड, हे मी मंडळात बायकांना समजावून सांगितलेलं आहे. आणि माझ्याच घरात, पाठीमागच्या भिंतीआड, दिवसरात्र तो दंड चालू होता. गाळलेल्या तांब्यावर माझं लक्ष होतं. न गाळता वाहून जाणाऱ्या आठ घागरींवर नव्हतं.

पोरगा दारात उभा होता. म्हणाला, "आजी, मग आपलंच चुकलं?"

मी म्हटलं, "तुझं नाही. माझं."

प्लंबर आला, फ्लशच्या झडपेचा वॉशर बदलला. झिजून पापडासारखा झाला होता. कधीपासून गळत होतं हे त्यालाही सांगता आलं नाही. मग मी पूर्ण दहा महिने धरले. दहा महिन्यांचा पंप आणि टँकर मिळून नऊ हजार सहाशे. खालच्यांनी दोन वाटे म्हणजे सहा हजार चारशे भरले होते. खरा वाटा जवळजवळ अर्धा अर्धाच होता, चार हजार आठशे. सोळाशे रुपये मी माझ्या डब्यातून काढले. यजमानांना विचारलं नाही, कारण बोलले मी होते.

संध्याकाळी सूर्यास्ताआधीची जेवणं उरकली होती. अक्का ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मी दहा महिन्यांनी त्यांच्यासमोर बसले. वही उघडली आणि सगळं सांगितलं. पहिला हिशेब, त्यातला माझा आनंद, दोन सेन्सरांच्या मापातला फरक, बारीक धार, केशरी रंग. काही लपवलं नाही. वही घेऊन कशासाठी येणार होते तेही सांगितलं. पोरगा भिंतीला टेकून ऐकत होता.

अक्कांचे हात शेंगांवर चालूच होते. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या दिवशीच आली असतीस तर?"

"तर तुम्ही खोट्या ठरला असता," मी म्हटलं.

"आणि तू खरी."

मी काही बोलले नाही. पैसे पुढं केले. मला वाटलं होतं, त्या 'राहू दे गं' म्हणतील. त्यांनी पदराला हात पुसले, पैसे घेतले आणि एकेक नोट मोजली. मला बरं वाटलं. 'राहू दे' म्हटलं असतं तर ते ओझं माझ्याकडेच राहिलं असतं.

मग त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. अक्का सातवीपर्यंत शिकलेल्या, पण हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, "आता गळती थांबली काय?"

"थांबली."

"मग आता तुमचं दोनशे पंच्याऐंशी, आमचं पाचशे सव्वीस. म्हणजे पुढच्या महिन्यापासून दोन वाटे आमचेच की. तेवढंच लिही." आणि नातवाला म्हणाल्या, "ह्यो खोका मे महिना सरेस्तोवर काढू नको रे."

अबोला त्या दिवशी संपला, असं मी लिहिणार नाही. दहा महिन्यांचा गंज एका संध्याकाळी निघत नाही. अजूनही आमच्या बोलण्यात मधेच पोकळी येते. पण परवा त्यांनी खालून हाक मारली, "अगं, पडद्यावर आमचा आकडा आज लई दिसतोय. पाहुणे आलेत म्हणून, बरं का." मी वरून म्हटलं, "असू दे अक्का, मी पाहुणे लिहून ठेवते."

आता रोज रात्री वहीत तीन आकडे लिहिते. वर, खाली आणि टाकीतून एकूण किती गेलं ते. तिसरा आकडा पोरानं सुचवला. दोघांची बेरीज आणि टाकीचा हिशेब जुळला नाही, तर आधी आपल्या घरात केशरी रंग कालवायचा, असा आमचा दोघांचा नियम ठरला आहे.